लातूर पॅटर्नने इटालियन

३ ऑक्टोबर १९९५, दसरा

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. (तरी अक्षर नीट काढणे. पुढचं कोणी सांगावं.)

लातुरात सध्या दोनच गोष्टी चालतात. भूकंपाचं सांगणं आणि क्लास काढणं. दोन वर्षं होऊन गेली, पण पान खायला जावं तर पानवाला आधी भूकंप सांगतो, मग चुना लावतो. आणि क्लासेस! वर फिजिक्स, खाली केमिस्ट्री, जिन्याखाली बायोलॉजी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संगमेश शेटकारचा फिजिक्सचा क्लास. हा नांदेडला अकरावीत माझ्या हाताखाली होता. स्पेलिंगचा शत्रू. आज याच्या दारात सायकली इतक्या, की गल्लीत म्हैस वळत नाही.

आणि मी? एम. ए. इंग्रजी. नांदेडच्या कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. मला परमनंट न करण्यामागे फार मोठं राजकारण होतं. ते इथे लिहीत नाही. विशाखाला (बायको) लातूरच्या कन्याशाळेत गणिताची नोकरी, म्हणून लातूर. अन्यथा या गावात माझं काय काम?

पण आज पेपरात बातमी. इटलीची एक संस्था भूकंपाच्या भागात शाळा बांधून राहिली आहे. ती संस्था इकडच्या शाळेतली दोन मुलं एक वर्ष इटलीतल्या शाळेत नेणार. अट एकच. इटालियन भाषेची परीक्षा, पहिली पातळी. साऱ्या जगात एकच पेपर. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे.

लातुरात इटालियन कोणालाच येत नाही. मलाही नाही. पण माझं तात्पुरतं आहे.

११ ऑक्टोबर

हैदराबादला जाऊन आलो. फूटपाथवर इटालियन शिकण्याचं पुस्तक आणि सोबतची कॅसेट. पुस्तक अकराव्या धड्यानंतर फाटलेलं. अनुक्रमणिकेवरून दिसतं, की भूतकाळ बाराव्या धड्यात आहे. हरकत नाही. परीक्षा पहिल्या पातळीची, मुलं शाळेतली. त्यांना कसला आलाय भूतकाळ.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून क्रियापदं.

१२ ऑक्टोबर

उठलो. साडेआठ. प्रवासाचा शीण.

१९ ऑक्टोबर

भाषा अगदीच सोपी. उदगीरकडच्या कानडीसारखं प्रत्येक शब्दाला शेवटी शेपूट. मी जेवताना विशाखाला ‘ग्रात्सिए’ म्हणालो. म्हणजे आभार. ती म्हणाली, लग्नाला चौदा वर्षं झाली, मराठीत कधी म्हणाला नाहीत. बायकांना भाषाशास्त्रात गती नसते.

१२ नोव्हेंबर

‘मुदखेडकर इटालियन अकॅडमी’चं उद्घाटन. बाहेरच्या खोलीतली दिवाणाची गादी काढून सतरंजी टाकली. संगमेशने हार पाठवला. स्वतः येऊन वाकून नमस्कारही करून गेला. ढोंग.

तेरा मुलं आली. सगळी आठवी-नववीची. डॉक्टर जोशींचा अनय, वकिलांची मालविका, एमएसईबीतल्या वायरमनचा यज्ञेश, असे. सगळ्यांच्या आयांनी एकच विचारलं, की याने पुढे मेडिकलला फायदा होतो का. मी ठामपणे हो म्हणालो. फायदा कशानेही होतो.

शेवटी औशाकडून एक माणूस मुलीला घेऊन आला. सिद्रामप्पा. कपाळावर भस्म, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा. गावात किराणा दुकान होतं, ते गेलं. आता पत्र्याच्या शेडात दुकान. मुलगी मंजुश्री, नववीत. तो उभ्यानेच बोलत राहिला. ‘सर, लई हुशार हाय हो पोरगी. पन त्या दिवसापून बोलणंच कमी केलंय बगा. हिची अव्वा...’ (त्यांच्याकडे आईला अव्वा.) पुढे बरंच काही. मी मान हलवत होतो. पाटीवर ‘अकॅडमी’तला ‘कॅ’ पेंटरने चुकवला होता, तिकडे माझं लक्ष. भूकंपाचं सगळेच सांगतात. मलाही त्या पहाटे भांडी वाजलेली ऐकू आली होती. विशाखा अजून म्हणते, की मी तिला ओलांडून बाहेर पळालो. रस्ता मोकळा आहे का ते बघायला कोणीतरी जायला नको?

चौदावं नाव म्हणून मुलीला घेतलं. अकॅडमीला सामाजिक बाजू असलेली बरी.

२० नोव्हेंबर

आज इतिहास घडला. नमुना प्रश्नपत्रिका संस्थेच्या ऑफिसातून मिळाली होती. तिचा रात्रंदिवस अभ्यास केला (दुपारी). तोंडी परीक्षेत आणि लेखीत दोन्हीकडे हमखास प्रश्न: आपल्या कुटुंबाविषयी सांगा. मग मी विचार केला, फिजिक्सला जे चालतं ते इटलीला का नाही? अपेक्षित प्रश्न काढायचा, आदर्श उत्तर घोटायचं. लातूर पॅटर्न!

उत्तर मी स्वतः रचलं. माझे वडील डॉक्टर आहेत: मिओ पाद्रे ए मेदिको. माझी आई रविवारी केक करते: मिया माद्रे फा ला तोर्ता. माझ्या भावाचं नाव मार्को. आमच्याकडे एक पांढरी मांजर आहे, उन गात्तो ब्यांको. (तो बोका असावा. कळत नाही. मांजर ते मांजर.) चौदा मुलांना मिळून एकच कुटुंब. चूक होण्याचा संभवच नाही.

यज्ञेश म्हणाला, सर, माझे बाबा खांबावर चढतात. मी म्हणालो, परीक्षेपुरते उतरतील. मुलं हसली. माझ्या तासाला मुलं हसतात हे संगमेशने पाहावं.

मंजुश्रीने हात वर केला. पहिल्यांदाच. विचारलं, ‘सर, आई नसंल तर?’ मी म्हणालो, परीक्षेत आई असतेच. मग पुन्हा, ‘होती, असं कसं म्हणायचं?’ मी सांगितलं, इटालियन लोक भूतकाळ फारसा वापरत नाहीत. प्रगत देश आहे.

तिला शंका फार. घोकायच्या वेळी खिडकीबाहेर बघत बसते.

३ डिसेंबर

मंजुश्रीची एसटी लवकर पोचते, म्हणून ती तासभर आधी येऊन स्वयंपाकघरात बसते. विशाखा तिला खाऊ घालते. दोघी बोलत बसतात. मी गेलो की गप्प. अकॅडमीची शिस्त स्वयंपाकघरात मोडून राहिली आहे, असं मी विशाखाला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्या पोरीला कधी काही विचारलंय का? मी म्हणालो, रोज विचारतो. उत्तर अर्धं सोडते.

१७ डिसेंबर, नांदेड

शाखाविस्तार. नांदेड झालं की भोकर, मग किनवट. किनवटला आश्रमशाळेची वसतिगृहं आहेत, तिथे मुलं पळून जाऊ शकत नाहीत. भाषेसाठी आदर्श वातावरण.

आज वजिराबादेत हॉल घेऊन ‘इटालियन: उद्याची संधी’ या विषयावर सेमिनार. माझ्या जुन्या कॉलेजातल्या सगळ्या प्राध्यापकांना पत्रं टाकली होती. एकही आला नाही. जळतात. श्रोत्यांत मेव्हणा, हॉलचा वॉचमन आणि पहिल्या रांगेत एक गृहस्थ, वही-पेन घेऊन. शेवटपर्यंत मन लावून बसले. मला वाटलं, एक तरी रसिक. प्रश्नोत्तरात त्यांनी विचारलं, इटालियन फरशी हैदराबादेहून मागवणं परवडतं की किशनगढहून? त्यांचं बांधकाम चाललं होतं.

तरी एकंदरीत प्रतिसाद उत्साहवर्धक. मेव्हण्याने टाळ्या वाजवल्या.

९ जानेवारी १९९६

कॅसेट टेपमध्ये अडकली. पेन्सिलने गुंडाळता गुंडाळता तुटली. ऐकण्याचा सराव आता मी स्वतः वाचून घेतो. मालविका म्हणाली, कॅसेटमधली बाई वेगळं बोलायची. मी म्हणालो, ती तिकडच्या खेड्यातली होती.

२१ जानेवारी

गांधी चौकात संगमेश भेटला. ‘सर, सर’ करत रस्ता ओलांडून आला. चहा पाजला. म्हणाला, मुलं फार झालीत, बॅचेस सुटायच्या वेळी नुसता गोंधळ. कोणी जबाबदार, मानाचा माणूस हवा, जो मुलांना शिस्तीत ठेवेल. ‘तुम्ही आलात तर माझी इज्जत वाढेल.’

मला! दारवान करून राहिला मला!

मी शांतपणे म्हणालो, संगमेश, मी युरोपशी संबंधित कामात आहे. चहा मात्र पूर्ण प्यायलो. वाया कशाला घालवायचा.

१८ फेब्रुवारी

परीक्षा आठवड्यावर. पॅटर्न पक्का झाला आहे. मी ‘पाद्रे’ म्हणायचा अवकाश, चौदा तोंडांतून डॉक्टर, केक, मार्को, मांजर सलग बाहेर. खिडकीवरून जाणारा भाजीवालाही आता ‘गात्तो ब्यांको’ म्हणतो.

सिद्रामप्पा येऊन गेला. म्हणाला, ‘सर, जमंल का हो आमच्या पोरीला?’ मी म्हणालो, पाठ केलंय तेवढंच बोलली तर जमेल. स्वतःचं डोकं चालवलं तर जबाबदारी माझी नाही. त्याने हात जोडले. गरीब माणसांना स्पष्ट बोललेलं आवडतं.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७

परीक्षेचा दिवस. कोट घातला. लग्नातला. बटणं लागत नाहीत, पण इटलीत उघडेच घालतात. परीक्षक बाई काल सोलापूरवरून जीपने आल्या आहेत. सिन्योरा लुचिया. कन्याशाळेतच केंद्र. मी स्वागताला दारात उभा राहणार. इटालियनमध्ये दोन शब्द बोललो की संस्थेच्या लोकांना कळेल, लातुरात कोण आहे.

दुपारी २

एक किरकोळ गैरसमज झाला.

सिन्योरा म्हणजे पांढऱ्या केसांची, सडपातळ, पायात कोल्हापुरी चप्पल घातलेली बाई. मी वाकून ‘बुओन्जोर्नो’ म्हणालो. तिला फार आनंद झाला. दोन्ही हातांनी माझा हात धरून ती भराभर काहीतरी बोलली आणि शेवटी विचारलं, ‘पार्तेचिपा आंके लेइ?’ त्यातला ‘पार्तेचिपा’ मी लगेच ओळखला. सहभाग! मी आयोजनात सहभागी आहे का, असा अर्थ. मी रुबाबात म्हणालो, सी, सी. तिने टाळी वाजवली, कागदावर काहीतरी लिहिलं, मला दंडाला धरून आत नेलं आणि अनयच्या मागच्या बाकावर बसवलं.

समोर प्रश्नपत्रिका ठेवली तेव्हा लक्षात आलं, की तिने विचारलं होतं, तुम्हीपण परीक्षेला बसताय का?

चौदा मुलं वळून बघत होती. दारात विशाखा, शाळेच्या बाजूने पर्यवेक्षक म्हणून. तोंडाला पदर. उठून जाणं अकॅडमीच्या प्रतिष्ठेला शोभलं नसतं. बसलो. मुद्दामच. आतून पाहणी केलेली बरी.

ऐकण्याचा भाग अत्यंत सदोष. कॅसेटमधली माणसं असभ्य वेगाने बोलतात. एक रेल्वे स्टेशन होतं एवढं कळलं, कारण मागे शिट्टी झाली. वाचनात एका बाईची बॅग हरवते, की ती बॅग विकत घेते. दोन्ही बाजूंनी विचार करता येतो. लेखीला मात्र ‘आपल्या कुटुंबाविषयी लिहा’! अख्ख्या वर्गाच्या माना एकदम खाली गेल्या. पंधरा पेनांचा एकसारखा आवाज. डोळे भरून आले.

संध्याकाळी ६

तोंडी परीक्षा. एकेकाला आत बोलावलं. मी खिडकीशी उभा. पॅटर्नवर देखरेख.

अनय: डॉक्टर, केक, मार्को, मांजर. उत्कृष्ट. मालविका: डॉक्टर, केक, मार्को, मांजर. सिन्योरा हसली. यज्ञेश: तेच. सिन्योरा हसायची थांबली. पुढे एकेकाला तिने वेगळेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज काय खाल्लंस? घर कुठे आहे? मुलांनी माझ्या शिकवणीनुसार दाद दिली नाही. काहीही विचारलं तरी डॉक्टर, केक, मार्को, मांजर. एका मुलाला तिने पाणी हवं का विचारलं, त्याने मार्को सांगितला. चष्मा काढून ती बराच वेळ डोळे चोळत होती. प्रभावित झाली असावी.

मग मंजुश्री.

सुरुवात बरोबर केली. ‘मिया माद्रे’ म्हणाली, आणि थांबली. मी खिडकीतून ओठ हलवून ‘फा ला तोर्ता, फा ला तोर्ता’ दाखवत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग सिन्योराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘नो.’

परीक्षकाला नो!

मग एकेक शब्द, मधे मोठी जागा सोडत. ‘प्रीमा, माम्मा.’ म्हणजे आधी, आई. मग तिने हात वर नेला आणि खाली टेबलावर ठेवला. ‘कासा.’ घर. ‘दोपो, नो माम्मा.’ नंतर, नाही आई. ‘पापा, ए यो.’ बाबा आणि मी.

एवढंच. एकही क्रियापद नाही. मांजर नाही, मार्को नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्यच नव्हे.

सिन्योराने पेन खाली ठेवलं. काही विचारलं, अगदी हळू. मंजुश्रीने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. मला ऐकू आलं नाही. इतरांना पाच मिनिटं, हिला किती वेळ! बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. मी कडक शब्दांत विचारणार होतो, पण विशाखा तिला घेऊन निघून गेली.

शेवटी मी. सिन्योराने विचारलं, ‘पेर्के... इतालियानो?’ ‘का’ आणि ‘इटालियन’ एवढं ओळखलं, मधलं कळलं नाही. अशा वेळी अनुभवी माणूस गोंधळत नाही. मी म्हणालो, माझे वडील डॉक्टर आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. मी केक, मार्को, मांजर सगळं सांगितलं. मग तिने मांजराचं नाव विचारलं. हा प्रश्न मला पूर्ण समजला! इतका आनंद झाला की पटकन म्हणालो, मार्को.

एकंदरीत समाधानकारक.

२६ फेब्रुवारी

मंजुश्रीने शंभर टक्के निकालाचं वाटोळं केलं, असं मी सकाळी चहा पिताना म्हणालो. विशाखाने कप खाली ठेवला. म्हणाली, ‘तिची आई भिंतीखाली गेली. हिला बाहेर ढकलून. हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?’

मी म्हणालो, प्रवेश अर्जात तसा रकाना नव्हता.

ती उठली. शाळेत गेली, आली, तव्यावर भाकरी टाकली, माझं ताट वाढून आत गेली. आता यात माझा काय दोष? मी भाषेचा शिक्षक आहे. तहसीलदार नाही.

भाकरी गार झाली होती.

१४ एप्रिल

निकाल. सकाळी संस्थेच्या माणसाने पाकीट आणून दिलं.

मंजुश्री उत्तीर्ण. बाकीचे तेरा अनुत्तीर्ण. शेरा सगळ्यांना एकच: उत्तरे पाठ केलेली.

पंधराव्या उमेदवाराविषयी इथे लिहिण्याची गरज नाही.

(वाचनात अनयपेक्षा कमी. ऐकण्यात यज्ञेशच्या बरोबर. तरी यज्ञेश लहान आहे, त्याचे कान तरुण.)

दुपारी

निकालाकडे वैज्ञानिक दृष्टीने पाहिलं तर भूकंपग्रस्त विभागात अकॅडमीचा निकाल शंभर टक्के आहे. हे बॅनरवर घालणार. मंजुश्रीचा फोटो, वर माझा.

१६ एप्रिल

पालकसभा. बोलावली नव्हती, तरी झाली. डॉक्टर जोशी म्हणाले, माझ्या मुलाने खऱ्या बापाबद्दल तरी खरं लिहिलं, तरी नापास कसा? यज्ञेशचे वडील शांतपणे म्हणाले, ‘सर, मी खांबावर चढतो हे सांगायची पोराला लाज वाटू लागलीय. हे इटालियनमधी असतंय का?’ अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न. मालविकाच्या आईने तर जाताना दारातली रांगोळी पायाने पुसली. शिकलेली माणसं!

मग कळलं, अर्धी मुलं संगमेशच्या व्हेकेशन बॅचला गेलीसुद्धा.

२१ एप्रिल, औसा रोड

फोटोसाठी मंजुश्रीच्या गावी गेलो. सोबत फोटोग्राफर. पत्र्याच्या शेडांच्या ओळी, उन्हात तापलेल्या. सिद्रामप्पा दुकानातून धावत आला, भर रस्त्यात माझ्या पाया पडला. ‘सर, तुमच्यामुळं झालं हे.’ मी नको नको म्हणालो, पण फोटोग्राफरला खूण केली. त्याचा रोल तेवढ्यात अडकला.

आत शेडात एका बाईचा फोटो, हार घातलेला. मंजुश्रीसारखंच नाक. मी त्याच्याखाली बसलो होतो. जेवण वाढलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. मंजुश्री वाढत होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून म्हणालो, तू मला आधी सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, ‘सांगितलं होतं सर.’ आणि अजून एक धपाटा वाढला.

बॅनरचं मी तिला बोललो नाही. उशीर झाला होता. ऊन फार होतं.

२ मे

अकॅडमी उन्हाळ्यापुरती बंद. सतरंजी झटकून माळ्यावर. पाटी विशाखाने कोळशाच्या पोत्यावर झाकायला घेतली. पाटी चांगल्या पत्र्याची आहे.

१ जून

काही दिवसांपुरतं संगमेशला मदत करायचं कबूल केलं आहे. तो फारच मागे लागला. (मी गेलो होतो, पण तो नसता भेटला तर परतच येणार होतो.) काम व्यवस्थापनाचं. एक बॅच सुटली की शिट्टी वाजवायची, मुलींना आधी सोडायचं, सायकली रांगेत लावून घ्यायच्या, मग दुसरी बॅच आत. मुलं मला ‘शिट्टी सर’ म्हणतात. प्रेमाने.

संगमेश अजूनही सगळ्यांसमोर वाकून नमस्कार करतो. त्याने ते थांबवलं तर बरं होईल.

३० ऑगस्ट

मंजुश्री आज गेली. मुंबईपर्यंत एसटीने, तिथून सिन्योरासोबत विमान.

विशाखा सकाळीच स्टँडवर. डब्यात पुरणपोळ्या, लोकरीचा स्वेटर स्वतः विणलेला. कधी विणला, मी पाहिला नाही. मी दोन बॅचेसच्या मधल्या वेळेत गेलो. शिट्टी गळ्यातच राहिली होती, ती शर्टात सारली.

मंजुश्री नव्या पंजाबी ड्रेसमध्ये. बोलून राहिली होती, भराभर, विशाखाशी, बापाशी, शेजारच्या म्हातारीशी. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला पाहून वाकली. मी म्हणालो, आयुष्यमान हो. चुकलं. आयुष्मती. संस्कृत आहे, होतं असं.

कंडक्टरने डबल बेल दिली. सिद्रामप्पा इतका वेळ धीराने उभा होता, तो एकदम माझा हात धरून म्हणाला, ‘सर, आता हिला तिकडं आमचं कोन बोलनार हाय? जाता जाता तिकडच्या भाषेत तुमी एक सांगा तिला. नीट ऱ्हा म्हनावं. जीवाला जप म्हनावं. तिकडचं ऐकून जाईल पोरगी.’

ती खिडकीतून बघत होती. विशाखाही बघत होती.

मी आठवून पाहिलं. पहिला धडा, हॉटेलात. दुसरा, स्टेशनवर. तिसरा, रंग. असं अकरापर्यंत गेलो. कुठेच नव्हतं. गाडी हलली. मी खिडकीसोबत चार पावलं चाललो आणि म्हणालो,

‘जपून राहा, बाळ.’

तिने मान हलवली. गाडी गेटाबाहेर वळली, दिसेनाशी झाली.

सिद्रामप्पाने उपरण्याने डोळे पुसले. माझा हात अजून त्याच्या हातातच होता. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला,

‘एवढं आमाला बी येतंय, सर.’